वाचक विचारतात: नवीन बांधलेलं जुनं गाव बघायला जर्मनीला जायचं का?

प्रश्न: नमस्कार ताई. टॉवेलच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढून मास्टर म्हणून रिटायर झालो. आमचे मालक दर जानेवारीला फ्रँकफुर्टच्या एक्झिबिशनला जायचे आणि येताना चॉकलेट आणायचे, तेवढाच आमचा जर्मनीशी संबंध. आता मुलगी-जावई म्हणतात दोघं जाऊन या, पैसे आम्ही भरतो. दहा दिवसांची टूर आहे, फ्रँकफुर्ट, वुर्त्सबुर्ग, रोथेनबुर्ग, न्युरेंबर्ग, ड्रेस्डेन, बर्लिन. युद्धात बेचिराख झालेली आणि परत उभी केलेली शहरं दाखवतात, सोबत मराठी बोलणारा गाईड. पण धाकटा म्हणतो, "कशाला जाऊलालाव पप्पा, सगळं नवीन बांधलेलं हाय तिथं, डुप्लिकेट बघायला एवढे पैसे घालायचे का?" खरं सांगू का, मलापण ते थोडं पटलंय. शिवाय मिसेसचे गुडघे दुखतात आणि आम्ही पक्के शाकाहारी. काय करावं?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: काका, जा. बिनधास्त जा. पण धाकट्याचा प्रश्न सोबत घेऊन जा, कारण टूरवर विचारायचा खरा प्रश्न तोच आहे आणि आम्ही अशाच टूरला गेलो होतो तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये तो कुणीच विचारला नव्हता, सगळे फोटोत गुंग.

अहो तुम्ही मास्टर, रफू आणि ठिगळ यातला फरक तुम्हाला मी काय सांगणार. रफू असं करतात की कापड कुठं फाटलं होतं ते दिसू नये, आणि ठिगळ लांबूनच दिसतं. या शहरांनी आपापल्या परीनं दोन्ही केलंय, कुणी कुणी तर भोक तसंच ठेवलंय. कुठं काय केलंय ते ओळखत फिरायचं, मग दहा दिवस कमी पडतात बघा.

फ्रँकफुर्टला पहिल्याच दिवशी फसायला होतं. रोमरबर्ग चौकात लाकडी पट्ट्यापट्ट्यांची उंच घरं दिसतात, आपण म्हणतो वा, पाच-सहाशे वर्षांची असतील, तर ती ओळ बांधलीय 1980च्या दशकात. त्याच्या मागची 'नवी जुनी पेठ' तर 2018 ला खुली झाली, 35 इमारती, त्यातल्या 15 जुन्यासारख्या हुबेहूब आणि बाकीच्या नव्या डिझाईनच्या. त्याआधी त्या जागेवर काँक्रीटचं मोठं सरकारी ऑफिस होतं, ते पाडून हे केलं. इथं तुमच्या धाकट्याचं म्हणणं मला मान्य आहे, मला ते जरा सिनेमाच्या सेटसारखं वाटलं. एक तास पुरे.

पण वुर्त्सबुर्गला त्याचं तोंड बंद होईल. 16 मार्च 1945 च्या रात्री जेमतेम वीस मिनिटांत गाव जळालं. तिथल्या राजवाड्याचं छप्पर जळून खाली आलं, पण मोठ्या जिन्यावरची दगडी कमान टिकली, बाल्टाझार नॉयमानने बांधलेली, मध्ये एकसुद्धा खांब नाही. त्या कमानीच्या पोटाला तिएपोलो या इटालियन चित्रकारानं 1752-53 मध्ये काढलेलं प्रचंड चित्र आहे, ते वाचलं. म्हणजे आगीतून वाचलं, पण वर छप्पर नाही आणि पाऊस तर येणारच, तेव्हा जॉन स्किल्टन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्यानं कुठून कुठून लाकूड मिळवून वर तात्पुरतं छप्पर घातलं. आता त्याच तिकिटात, त्याच वाड्यात आरसेमहालाची एक खोली आहे. ती पूर्ण नष्ट झाली होती. जुने फोटो, एक जुनं चित्र आणि ढिगाऱ्यात सापडलेला आरशाचा एक तुकडा, एवढ्यावर कारागिरांनी सगळी खोली परत केली, 1987 ला पूर्ण झाली. काचेला मागच्या बाजूनं रंग द्यायचा, सोन्याचा वर्ख लावायचा, हे विसरलेलं काम हात परत शिकले. जिना अस्सल आणि खोली नवी. दोन्ही बघा आणि मला कळवा डुप्लिकेट कशाला म्हणायचं ते. मी अजून ठरवलेलं नाही.

रोथेनबुर्गला तटबंदीवरून चालताना भिंतीत बसवलेल्या दगडांवर नावं कोरलेली दिसतात, तटबंदी परत बांधायला पैसे देणाऱ्या देणगीदारांची, कुणी एक मीटर भिंतीचे पैसे दिले कुणी जास्त, त्यात जपानी नावंसुद्धा आहेत. आपल्याकडं देवळाच्या फरशीवर 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' असतं ना, अगदी तसंच, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. वर चढायला दगडी पायऱ्या आहेत, काकूंना खाली चौकात कॉफी पिऊ द्या, तुम्ही जाऊन या.

न्युरेंबर्गला गल्ल्या आणि छपरांची ठेवण जुनीच ठेवून मधली घरं बरीचशी साधी बांधलीत. ड्यूरर या जुन्या चित्रकाराचं घर बघाच, पण गाईडला आधीच विचारून ठेवा की नाझी मेळाव्यांचं मैदान आणि युद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला ती 600 नंबरची कोर्टरूम प्रोग्रॅममध्ये आहे का. नसेल तर आग्रह धरा. नुसतं 'बिचाऱ्यांचं गाव जळालं' एवढंच सांगणारा गाईड अर्धीच गोष्ट सांगतोय.

ड्रेस्डेनला मात्र आमची चिडचिड झाली, बस वाटेत लटकली आणि टूरवाल्यांनी आम्हाला चाळीस मिनिटं दिली, चाळीस! तुम्ही बुकिंगच्या आधीच विचारा की तिथं मुक्काम आहे का. 13 ते 15 फेब्रुवारी 1945, ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात पंचवीस हजारांपर्यंत माणसं गेली. फ्राउएनकिर्शे नावाचं चर्च दोन दिवस तग धरून उभं होतं आणि 15 तारखेला सकाळी घुमटासकट कोसळलं. मग पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा चाळीसेक वर्षं चौकात तसाच. देश एक झाल्यावर देणग्या गोळा करून 1994 ला बांधकाम सुरू केलं आणि 30 ऑक्टोबर 2005 ला चर्च परत उघडलं. भिंतीजवळ जाऊन बघा, पिवळसर दगडात मध्येमध्ये काळे दगड दिसतात. आमच्यातले एक काका छातीठोक सांगत होते, "हे आगीनं काळं झालंय". तसं नाहीये. तो वालुकाश्म वयानंच काळा पडतो, ते जुने दगड ढिगाऱ्यातून निवडून परत लावलेत, आणि पिवळे आहेत तेसुद्धा हळूहळू काळे होणार, म्हणजे शंभर-दीडशे वर्षांनी हे रफू कुणाला ओळखू येणार नाही. वरचा सोनेरी क्रॉस ब्रिटननं दिला. तो ज्या कारागिरानं घडवला त्याचे वडील त्या हल्ल्यातल्या एका विमानाचे पायलट होते. जुना क्रॉस, वाकडातिकडा झालेला, आत ठेवलाय. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि तेवढ्यात ग्रुप लीडरची शिट्टी वाजली.

आणखी एक, तिथलं सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. सेम्पर नावाच्या आर्किटेक्टनं बांधलेलं, ज्याच्या नावाचं ऑपेरा हाऊस आज सगळ्या टूर दाखवतात. ते बॉम्बनं नाही गेलं, 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री नाझींनीच जाळलं. ते हुबेहूब परत बांधलं नाही, 2001 ला जवळच अगदी वेगळं, आधुनिक सिनगॉग उभं राहिलं. गाईडला विचारा, चर्च जसंच्या तसं आणि हे असं का. जो उत्तर द्यायला थांबतो तो चांगला गाईड.

बर्लिनला तुटक्या मनोऱ्याचं चर्च तुटकंच ठेवलंय, शेजारी निळ्या काचांचं नवं आहे, संध्याकाळी आत जाऊन बसा.

आता काकूंचे गुडघे. जुन्या पेठांत दगडी फरसबंदी, नवीन बूट इथंच पंधरा दिवस घालून मऊ करून घ्या. मे महिना धरा, आपल्याकडं 43-44 तापतंय तेव्हा तिथं स्वेटर लागतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नीट पॅक करून बॅगेत टाका, पण पेढे, खवा, तुपाचा डबा नको, बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. व्हिसाला किमान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, तो टूरच्या पैशात धरलाय की वेगळा ते लेखी घ्या. हॉटेलात पाणी मागितलं की सोड्यासारखं बुडबुड्यांचं आणतात, "स्टिल" म्हणायचं. रविवारी दुकानं बंद असतात, नातवंडांची चॉकलेटं शनिवारीच घेऊन टाका.