कोकणात दोन रात्रींसाठी नेहमीच्या हॉटेलापेक्षा वेगळे, छान ठिकाण कोणते?

सावंतवाडीला मोती तलावासमोरच्या राजवाड्याच्या आवारातील ताईसाहेब वाड्यात राहावे. तेथील मोजक्या खोल्यांची सजावट गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळावर बेतलेली असून, दशावतारी गंजिफ्यात विष्णूच्या प्रत्येक अवताराचे 12, असे एकूण 120 गोल पत्ते असतात. माझ्या मते खरी मौज मात्र राजवाड्याच्या दरबार सभागृहात आहे, कारण तेथे कारागीर बारीक कुंचल्याने तळहाताएवढ्याही नसलेल्या चकतीवर मत्स्य किंवा कूर्म रंगवताना प्रत्यक्ष पाहता येतात आणि आवडलेला संच तेथेच विकतही घेता येतो. खिडकीतून समुद्रच दिसायला हवा असेल, तर हे ठिकाण सोयीचे नाही. वेंगुर्ल्याचा किनारा येथून सुमारे 30 किलोमीटरवर आहे. खोल्या थोड्या असल्याने आरक्षण आधी करावे.