दीड लाख डॉलरचा आकडा नेमका कुणाचा?

एका वडिलांनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: एडिसन, न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब. मुलगा अठरा वर्षांचा, बेसबॉलमधला डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा), हायस्कूलचं शेवटचं वर्ष. कॉलेजची जागा पक्की आहे आणि बेसबॉलच्या शिष्यवृत्तीतून निम्मा खर्च सुटेल. तेवढ्यात मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, एका क्लबचा स्काउट (खेळाडू हेरणारा) घरी येऊन गेला. जुलैच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात तेव्हा, दहाव्या फेरीनंतर घेतलं, तर दीड लाख डॉलर बोनसवर सही कराल का, असं त्याने विचारलं. वडिलांना वाटतं, घ्यावेत, घरावरचं कर्जही बरंच हलकं होईल. आईला वाटतं, आधी डिग्री.

तुमच्या पत्रातला सगळ्यात बोलका भाग आहे तो आकडा. दीड लाखच का? दहाव्या फेरीनंतर निवडलेल्या खेळाडूला दीड लाखापर्यंत बोनस दिला, तर तो क्लबच्या ठरवून दिलेल्या बोनसनिधीतून वजा होत नाही. त्याच्या वरचा प्रत्येक डॉलर मात्र मोजला जातो. म्हणजे स्काउटने मुलाच्या डाव्या हाताची किंमत केलेली नाही, नियमाची रेघ तुमच्यापुढे ठेवली आहे. काही क्लब पहिल्या दहा फेऱ्यांत पैसे वाचवतात आणि नंतर एखाद्या शाळकरी मुलावर जास्त खर्च करतात. त्यामुळे जास्त मागितलं तर कुणाला राग येणार नाही. फार तर फोन येणार नाही.

आता हातात किती पडतात ते बघू. केंद्राचा कर, न्यू जर्सीचा कर, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर आणि एजंटचे चार-पाच टक्के गेले, की लाखभर डॉलर उरतील. सही केल्यावर मुलगा आधी मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगखालच्या तयारीच्या लीगमध्ये खेळेल. तिच्या 2023 च्या करारात लो-ए या खालच्या पातळीवरचा किमान पगार वर्षाला 26,200 डॉलर ठरला. आठवड्याला साधारण पाचशे, तेही करापूर्वी. तुमच्या राज्यात किमान वेतनावर पूर्णवेळ काम करणाऱ्यालाही याहून जास्त मिळतात. राहण्याची सोय 2022 पासून क्लब करतो, हे चांगलं झालं. पण हिवाळ्यातलं प्रशिक्षण, येणं-जाणं, नीट खाणं हे सगळं याच लाखातून जाणार. पाच वर्षं बसमधून हिंडल्यावर त्यातलं किती शिल्लक राहील, हे तुम्हीच कागदावर मांडून बघा.

वरचं टोक मोहात पाडणारं आहे, नाकारत नाही. मेजर लीगचा 2026 चा किमान पगार 7 लाख 80 हजार डॉलर आहे. तिथे 43 दिवस नोंद झाली तरी पेन्शनचा हक्क लागतो. पण 30 क्लब आणि प्रत्येकी 26 खेळाडू, म्हणजे एका वेळी जागा 780. पोहोचला तरी मनासारखा पगार मागायला साधारण तीन वर्षं आणि हवा तो क्लब निवडायला सहा वर्षं सेवा लागते. म्हणून हा बोनस पहिला पगार समजू नका. बेसबॉलमधून मिळणारी ही बहुधा एकमेव मोठी रक्कम आहे असं धरूनच हिशेब करा.

त्यात तो पिचर. कोपराचा लिगामेंट गेला, टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, तर वर्ष-दीड वर्ष जातं. कॉलेजात हे घडलं तर निदान वर्ग तरी चालू राहतात. शिवाय कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतर तो पुन्हा ड्राफ्टमध्ये येऊ शकतो. तेव्हा चौथं वर्ष हातात असल्याने ‘नाही’ म्हणायची ताकदही असते.

कर्जाबद्दल मात्र स्पष्ट लिहितो, रागावू नका. पैसे त्याचे आहेत. अठरा पूर्ण झालेल्या मुलाने वर्षात 19,000 डॉलरहून जास्त रक्कम वडिलांना दिली, तर भेट दिलेल्या रकमेचा (गिफ्ट टॅक्सचा) फॉर्म भरावा लागतो. ते एक वेळ जमेल. पण तुम्हीच लिहिलंय की कर्ज 2021 चं आहे, पावणेतीन टक्क्यांचं. साध्या सरकारी रोख्यांत याहून जास्त व्याज मिळतं. असं कर्ज फेडायची घाई मी माझ्या सख्ख्या भावालाही करू देणार नाही.

उद्याची कमाई आज विकायची कल्पनाही डोक्यातून काढा. आज मेजर लीगमध्ये गाजलेल्या फर्नांडो तातीस ज्युनियरने मायनर लीगमध्ये असताना भावी कमाईतला हिस्सा देऊन एका कंपनीकडून पैसे घेतले. 2021 मध्ये त्याला 14 वर्षांचा, 34 कोटी डॉलरचा करार मिळाला. 2025 मध्ये तो त्याच जुन्या व्यवहाराविरुद्ध कोर्टात गेला.

तर माझं मत: दीड लाखाला नाही. साडेतीन लाख आणि कॉलेजचा पूर्ण खर्च करारात लिहून मिळत असेल, तर हो. कर जाऊन त्यातले दोन लाखांच्या वर उरतील. खेळ पंचविशीत संपला तरी मुलगा रिकाम्या हाताने परतणार नाही. एक लाख वेगळे ठेवून त्यांना हात लावू नका, आणि पगार होईल त्या वर्षी रॉथ आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यात पैसे भरा. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नाही. वहिनींना तोही कमी वाटला, तर मी वाद घालणार नाही.

ड्राफ्टच्या दिवशी फोन येतो तेव्हा विचार करायला वेळ नसतो. आकडा आधीच ठरवा आणि मुलालाच सांगू द्या. सही करण्याआधी कॉलेजच्या कलमाचं पान मला पाठवा. प्रत्येक सेमिस्टरची रक्कम तिथे डॉलरमध्ये लिहिलेली हवी, कारण ती नंतर वाढत नाही. खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करायची अटही त्यातच असते.