वाचकांचे प्रश्न : एस३वर फोल्डर का हलत नाही?

प्रश्न : आमच्या पीएचपी प्रकल्पात फायलींसाठी फ्लायसिस्टीम ३ (फायली कुठेही असोत, त्या एकाच पद्धतीने हाताळणारी लायब्ररी) आहे. माझ्या मशीनवर 'बिले/२०२४' हे फोल्डर 'मूव्ह' केले की 'जुनी/२०२४' मध्ये जाते. सर्व्हरवर ॲमेझॉन एस३ (ॲमेझॉनची ऑनलाइन फाइल साठवण) जोडल्यावर त्याच ओळीला 'अनेबल टू मूव्ह फाइल' अशी एक्सेप्शन (कोड थांबवणारी चूक) येते. असे का?

उत्तर : एस३मध्ये फोल्डर नावाची चीजच नसते. प्रत्येक फाइल म्हणजे एक लांबलचक नाव आणि त्यामागचा डेटा. नावातली तिरपी रेघ आपण फोल्डर म्हणून वाचतो, इतकेच. 'बिले/२०२४' नावाची फाइल तिथे नाही, मग कॉपी कशाची करणार? तुमच्या मशीनवर लोकल ॲडॉप्टर (फ्लायसिस्टीमला मशीनच्या डिस्कशी जोडणारा भाग) थेट पीएचपीचे 'रिनेम' वापरतो आणि त्याला फोल्डरही चालते. मुळात 'मूव्ह' फायलींसाठीच आहे, त्यामुळे लोकलवर फोल्डर सरकले यावर कधीच विसंबू नका.

मग फोल्डर हलवायचे कसे? 'लिस्टकंटेंट्स'ला फोल्डरचा पाथ द्या आणि दुसऱ्या जागी 'ट्रू', म्हणजे आतली सगळी फोल्डरे धरली जातात. ही यादी मागू तशी तुकड्यातुकड्याने येते (एस३ एका खेपेला १,००० नावे देते), म्हणून आधी 'टूॲरे' करून ती पूर्ण हाती घ्या. वाचता वाचताच फायली हलवू नका. मग त्यातल्या फक्त फायली निवडून एकेक 'मूव्ह' करा. एस३वर मूव्ह म्हणजे आधी कॉपी, नंतर डिलीट. प्रोसेस मधेच मेली तर एखादी फाइल दोन्हीकडे दिसेल, पण हरवणार नाही. कोड पुन्हा चालवा, नवीन जागेवरची प्रत पुन्हा लिहिली जाईल. कधी 'क्रिएटडिरेक्टरी' वापरले असेल तर तिरप्या रेघेने संपणारी शून्य बाइटची एक खूण मागे उरते. ती काढायला, जुन्या जागी एकही फाइल नाही याची खात्री करून मगच 'डिलीटडिरेक्टरी' चालवा.

प्रश्न : ४०० एमबीचा व्हिडिओ साठवताना 'अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड' येते. मेमरी लिमिट वाढवू का?

उत्तर : नको. तो आकडा म्हणजे १२८ एमबी, पीएचपीची ठरलेली मर्यादा. फ्लायसिस्टीमच्या 'राइट'ला अख्खी फाइल स्ट्रिंग म्हणून लागते, म्हणजे ४०० एमबी एकदम मेमरीत. लिमिट वाढवली आणि पाच जणांनी एकाच वेळी व्हिडिओ चढवले, तर सर्व्हरच झोपेल. 'एफओपन'ने फाइल 'आरबी' मोडमध्ये उघडा आणि तो स्ट्रीम (थोडा थोडा वाचला जाणारा डेटा) 'राइटस्ट्रीम'ला द्या. नंतर 'एफक्लोज' करण्याआधी स्ट्रीम अजून उघडा आहे का, ते 'इज_रिसोर्स'ने तपासा. काही ॲडॉप्टर स्ट्रीम स्वतःच बंद करून टाकतात. वाचतानाही 'रीड'ऐवजी 'रीडस्ट्रीम' घ्या.

प्रश्न : क्रॉनने (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) फ्लायसिस्टीममधून साठवलेले फोटो ब्राउझरमध्ये ४०३ (प्रवेश नाही) देतात. फाइलची परवानगी ६४४ आहे, म्हणजे ती सगळ्यांना वाचता येते.

उत्तर : फाइल नव्हे, तिचे फोल्डर पाहा. लोकल ॲडॉप्टर नवीन फोल्डर 'प्रायव्हेट' म्हणजे ७०० परवानगीने (फक्त मालकाला प्रवेश) बनवतो. क्रॉनचा युजर वेगळा, वेब सर्व्हरचा वेगळा. म्हणून वेब सर्व्हर दारातच अडतो. ॲडॉप्टर बनवताना 'पोर्टेबलव्हिजिबिलिटीकन्व्हर्टर' द्या आणि त्यात फोल्डरांची डिफॉल्ट व्हिजिबिलिटी 'पब्लिक' ठेवा, म्हणजे ७५५ (इतरांनाही आत जाता येते) मिळेल. आधीच तयार झालेली फोल्डरे यामुळे बदलणार नाहीत. त्यांना एकदा हाताने 'सीएचमॉड ७५५' करावेच लागेल.