देशांची तुलना सुरू करताना
स्थलांतरितांची संख्या आणि सरकारी खर्च यांवरून देशांची तुलना करणारा तुमचा तक्ता पाहिला. उत्साह चांगला आहे, मात्र आरंभी थोडक्याच गोष्टी सांभाळा. ‘परदेशात जन्मलेले’ आणि ‘परदेशी नागरिक’ हे आकडे एकाच रकान्यात घालू नका, कारण नागरिकत्व घेतलेला माणूस पहिल्यात राहतो आणि दुसऱ्यातून गळतो. सरकारी खर्चाला ज्या जीडीपीने (देशाच्या एकूण वार्षिक उत्पादनाने) भागता, तोही तपासा: बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हिशेबांमुळे आयर्लंडचा जीडीपी २०१५ मध्ये सुमारे २५ टक्क्यांनी फुगला, त्यामुळे तिथला खर्च कागदावर किरकोळ दिसतो आणि नवखा माणूस त्या सरकारला कंजूष ठरवून मोकळा होतो (मीही ठरवले होते). आयर्लंडचे सांख्यिकी कार्यालय यासाठी सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा देते, तोच घ्या. स्थलांतरितांचा तिजोरीवरील भार एकाच वर्षावरून काढू नका. तिशीत कर भरणारा सत्तरीत पेन्शन घेतो. जीवनमानाचे निर्देशांक तूर्त राहू द्या.