भाजलेल्या जागेवर केस, आणि मोडायला निघालेली ठेव

नमस्कार ताई,

तुमचं पत्र थोडक्यात असं: सहा वर्षांच्या असताना उकळतं पाणी सांडलं, डाव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा भाजली, तिथे केस पुन्हा आलेच नाहीत. आता वय 29, हातात पगार 41,000, खर्च 29,000. एका क्लिनिकने 1,800 ग्राफ्ट (डोक्यामागून मुळासकट काढून लावायचे केसांचे पुंजके) आणि सहा पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या द्रवाची इंजेक्शनं) मिळून 1,75,000 चं पॅकेज सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर. त्यासाठी 2,20,000 ची एकुलती एक मुदत ठेव मोडावी का?

नको. केसांची इच्छा ही चैन आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण 23 वर्षांचा व्रण महिनाअखेरीला कुठे पळून जाणार नाही. घाई क्लिनिकला आहे, तुम्हाला नाही.

खोल भाजलेल्या जागी केसांची मुळंच उरत नाहीत, त्यामुळे तेल, मिनॉक्सिडिल (केसवाढीचं औषध) किंवा नुसत्या पीआरपीने तिथे काही उगवत नाही. पॅकेजमधल्या त्या सहा इंजेक्शनांचे पैसे वेगळे किती, हे आधी विचारा. ग्राफ्ट लावता येतात, पण व्रणात रक्तपुरवठा कमी असतो. काही ग्राफ्ट धरत नाहीत, बरेचदा दुसरी बैठक लागते. म्हणजे 1,75,000 हा शेवटचा आकडा नाहीच. शिवाय डोक्यामागचे केस ही मुद्दल आहे. तिथून काढलेला ग्राफ्ट वाया गेला तर तो परत मिळत नाही.

म्हणून आधी व्रणाच्या एका कोपऱ्यात पन्नास-शंभर ग्राफ्ट लावून बघायचे. किती धरले ते कळायला नऊ ते बारा महिने लागतात. तेवढ्यात दरमहा 7,000 रिकरिंगमध्ये टाकलेत तर वर्षात 84,000 जमतील आणि ठेवीला हात लागणार नाही. चाचणीला नकार देणाऱ्या क्लिनिकला मी तरी पैसे देणार नाही. 'नो कॉस्ट' हप्त्याचंही तेच: ग्राफ्ट धरोत न धरोत, हप्ता चालूच राहतो.

आता पत्रात नसलेली गोष्ट. आरोग्य विम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही. तुमच्या ऑफिसच्या गटविम्यात हे कलम कसं लिहिलंय ते वाचा. अडचण अशी की ग्राफ्ट बहुतेक वेळा ओपीडीत लावतात आणि त्याचा क्लेम अडतो. म्हणून क्लिनिकऐवजी एखाद्या रुग्णालयातल्या प्लास्टिक सर्जनचं मत घ्या. केसांखालच्या त्वचेत फुगा बसवून, काही आठवडे ती ताणून, मग व्रणच कापून काढतात, अशीही शस्त्रक्रिया आहे. तुमच्या व्रणाला ती जमेल की नाही हे सर्जनच सांगतील. जमली, तर तिला रुग्णालयात दाखल व्हावं लागतं, आणि मग पैशांचं गणितच बदलतं. विमा कंपनीची पूर्वमंजुरी मात्र लेखी घ्या.

क्लिनिकने बिलात जीएसटी लावला असेल तर तोही विचारा. हेअर ट्रान्सप्लांटला करसवलत नाही, पण इजेमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करण्यासाठी असेल तर आहे.

या सगळ्याला पुरावा लागेल. लहानपणी तुम्ही जिथे दाखल झाला होतात तिथलं डिस्चार्ज कार्ड आईच्या ट्रंकेत सापडतंय का, या रविवारी बघा.