तीन लाखांचे पांघरूण अठरा लाखांना पुरेल काय?

प्रश्न : मी औसा तालुक्यातील निवृत्त शिक्षक असून, लातूरच्या आडतीवर घातलेल्या सोयाबीनच्या पट्टीतून दरवर्षी थोडे थोडे बाजूला काढत ३ लाख रुपये निफ्टी ५० ईटीएफमध्ये (निफ्टी निर्देशांकातील ५० कंपन्यांचे शेअर धरणारा आणि शेअरसारखाच बाजारात विकत मिळणारा फंड) साठवले आहेत. पुतण्या म्हणतो की, ही युनिट्स तारण ठेवून दर आठवड्याला निफ्टीचा कॉल (ठरलेल्या पातळीच्या वर निफ्टी गेल्यास फरक देण्याची हमी) विकल्यास घरबसल्या प्रीमियम, म्हणजे त्या हमीचा मोबदला, मिळतो आणि युनिट्स हाताशी असल्याने धोका राहत नाही. हे खरे आहे काय?

उत्तर : पुतण्याने सांगितलेली कव्हर्ड कॉलची (हाती असलेल्या गुंतवणुकीच्या आधारावर कॉल विकण्याची) रीत खोटी नाही, परंतु आपल्या रकमेला ती लागू पडत नाही. बाजार नियामक सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या अशा नव्या कराराचे मूल्य किमान १५ लाख रुपये केले. समजा, निफ्टी २४,००० वर आहे आणि लॉट (एका करारातील नगसंख्या) ७५ चा आहे. म्हणजे एक कॉल विकताच आपण १८ लाखांची जोखीम अंगावर घेता आणि तिच्यावर पांघरूण मात्र ३ लाखांचे असते.

पीक विम्यात आपण हप्ता भरतो आणि जोखीम कंपनीकडे जाते. कॉल विकणारा त्या कंपनीच्या जागी बसतो. २४,३०० चा कॉल १२० रुपयांना विकला तर ९,००० रुपये हाती येतील. मुदतीच्या दिवशी निफ्टी २५,००० वर बंद झाला, तर ७०० गुणिले ७५ म्हणजे ५२,५०० रुपये द्यावे लागतील. प्रीमियम वजा जाता तोटा ४३,५०० रुपये. त्याच तेजीत आपली युनिट्स जेमतेम १२,५०० रुपयांनी वाढलेली असतील. बाजार वर गेला आणि आपण मात्र ३१,००० रुपयांनी खाली आलात, असा हा उलटा हिशेब आहे. शिवाय निर्देशांकाच्या ऑप्शनची (कॉल हा त्याचाच एक प्रकार) पूर्तता रोखीनेच होत असल्याने युनिट्स देऊन सुटका होत नाही. रोकड वेळेत भरली नाही तर ब्रोकर तारण विकू शकतो. (पुतण्याने बहुधा सलग काही आठवडे प्रीमियम खिशात घातला असावा, वाईट आठवडा येईपर्यंत हा धंदा सोपाच वाटतो.) सेबीच्याच पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातील वायदे आणि ऑप्शनच्या व्यवहारांतील दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जण तोट्यात होते.

युनिट्स तारण न ठेवता तशीच राहू द्यावीत. पुढील पट्टीतून आणखी घेताना मात्र मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने खरेदी) टाळून, पडद्यावर दिसणाऱ्या सूचक एनएव्हीच्या (युनिटच्या अंदाजे मूळ मूल्याच्या) जवळचा भाव टाकून लिमिट ऑर्डर द्यावी. कारण उलाढाल कमी असलेल्या ईटीएफमध्ये खरेदीचा भाव मूळ मूल्यापेक्षा चढा पडू शकतो.