आजोबांच्या रिळाची किंमत किती?

प्रश्न : आजोबा रेल्वेत होते. त्यांच्या पेटीत ‘हार्डी ब्रदर्स, अ‍ॅल्निक’ या इंग्रज कंपनीचं नाव कोरलेलं, मासेमारीच्या काठीला लावायचं ‘परफेक्ट’ रीळ सापडलं. पितांबरीने घासून विकायला काढू का? किती येतील? (पुणे)

उत्तर : पितांबरीचा डबा आधी जागेवर ठेवून या. ‘परफेक्ट’ १८९१पासून बनत आलं, त्यामुळे नुसत्या नावावरून किंमत ठरत नाही. सुरुवातीची रिळं पूर्ण पितळी. पुढे फक्त मुठीकडची तबकडी पितळी राहिली आणि नंतर सगळंच हलक्या मिश्रधातूचं झालं, वर शिशासारखा काळपट मुलामा. १८९०च्या दशकातलं पूर्ण पितळी रीळ उत्तम स्थितीत असेल तर हजारो पौंडांत जातं. नंतरचं, नेहमीच्या मापाचं, साधारण शे-दोनशे पौंडांत मिळतं. संग्राहक त्या काळपटपणाचेच पैसे मोजतो. चकचकीत रीळ पाहिलं की तो निघून जातो.

आता रीळ उलटं करा. काठीवर बसणाऱ्या पट्टीची टोकं पाहा. काठीच्या कड्यात बसावी म्हणून अनेकांनी ती कानशीने घासून बारीक केली आहेत, आणि तिथेच किंमत पडते. स्क्रूच्या खाचा चुरडलेल्या असतील तर कुणीतरी आत हात घातलाय, असं समजा. मूठ हळू फिरवा. कर्रकर्र आवाज एकसारखा यायला हवा, तबकडी कुठेही घासता कामा नये. घासत असेल तर रीळ कधीतरी दगडावर पडलंय.

प्रश्न : मासेमारीची तीन तुकड्यांची बांबूची जुनी काठी आहे, पण शेंड्याचा तुकडा बाकीच्यांपेक्षा चार इंच आखूड आहे. चालेल का? (नाशिक)

उत्तर : मासे पकडायला चालेल, विकायला नाही. शेंडा मोडला आणि टोकाची कडी खाली सरकवून बसवली, असा हा प्रकार. बांबूच्या सहा तिकोनी पट्ट्या चिकटवून केलेल्या या काठ्यांची लांबी अनेकदा मुठीजवळ लिहिलेली असते. मोजून ताडून पाहा. अखंड काठीच्या निम्मी किंमत आली तरी नशीब. जाता जाता : या काठ्यांसाठी आधी कलकत्त्याहून बांबू जायचा. चिनी टोन्किन बांबूने नंतर तो मागे टाकला.

प्रश्न : माझं फ्रेंच ‘मिशेल ३००’ रीळ पवईच्या तलावावर वापरलेलं आहे. ऑनलाइन कुणीतरी त्याचे पन्नास हजार मागतंय! (ठाणे)

उत्तर : मागायला काय जातं? विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव पाहा, मागितलेले नव्हे. हे रीळ लाखोंनी बनलं. साधा नग इंग्लंडात वीस-तीस पौंडांत मिळतो. अगदी सुरुवातीचे, दोरा फिरकीवर घेणारी तारेची कमान अर्धीच असलेले नग मात्र शोधले जातात. मूळ खोका आणि दोरा गुंडाळायची जादा फिरकी असेल तर थोडं जास्त मागा.

प्रश्न : रीळ लंडनच्या लिलावात पाठवता येईल? मूठ हस्तिदंती वाटते. (मुंबई)

उत्तर : दोन अडचणी आहेत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. दुसरं, मुठीचं टोक भिंगाखाली धरा. एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसली तर खरा हस्तिदंत; नुसत्या समांतर रेषा असतील तर बहुधा सेल्युलॉइडची नक्कल. खरा निघाला तर लंडन सोडाच, इथेही विकता येणार नाही.